बेचाळीस फुल्या

हे मी सांगितलं तर कुणी मानणार नाही, आणि जो मानेल त्याच्या अकलेची मला काळजी वाटेल, असं मी बाबल्याला आधीच बजावलं. तो हसला. मुंबईत तो एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवतो. दिवसभर माणसांना वर नेतो आणि खाली आणतो, त्यामुळे उंचावरच्या सगळ्या गोष्टींवर आपलाच अधिकार आहे असं त्याला वाटतं. वैशाखाची सकाळ होती. आम्ही तुळसावहिनींच्या पडवीत बसलो होतो. वहिनी कोकमं फोडत होत्या आणि तांबडा रस त्यांच्या कोपरापर्यंत ओघळत होता. बाबल्या त्यांच्या बहिणीचा मुलगा. तीन वर्षांनी गावी आला होता, उन्हं चढायच्या आत सड्यावर, गावावरच्या कातळी माळावर, फिरून आला होता, आणि येताना एक प्रश्न घेऊन आला होता.

प्रश्न साधा होता. सबंध सड्यावर वनीकरणवाल्यांनी ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्यात, शाळेतल्या कवायतीसारख्या ओळीत. मग कातळकोंडाशी आल्यावर ती ओळ एकदम वळसा का घालते? मधली पाचसहा एकर जागा मोकळी कशी राहिली? तिथे ना माणूस, ना गोठा, ना आंब्याचं कलम. नुसती पडलेल्या घरांची सात जोती आणि बोरीची झुडपं.

मी म्हटलं, त्याला कारण तुझा काका.

काशीराम आता नाही. वहिनींचा तो नवरा आणि आमच्या मोजणी कचेरीतला साखळीवाला. मी तिथेच ट्रेसर होतो. म्हणजे दुसऱ्यांनी काढलेले नकाशे मेणकापडावर शाईने गिरवायचे, एवढंच माझं काम. काशीराम तेहतीस फुटांची लोखंडी साखळी खांद्यावर टाकून एकतीस वर्षं जिल्हाभर चालला. बढती मिळाली नाही, त्यानं मागितलीही नाही. नकाशावर मोजणीदाराची सही असते, कोपऱ्यात माझी आद्याक्षरं असतात. साखळीवाल्याचं त्यावर काहीच नसतं, फक्त अंतरं त्याची असतात.

पण जमीन त्याला तळपायांनी कळायची. बुरोंडीला एकदा मी त्याच्या डोळ्यांना पंचा बांधला आणि शेतातून चालवत नेलं. एका जागी तो थांबला आणि म्हणाला, इथं खळं होतं. खणून बघितलं, तर खाली भाताचं तूस.

बाबल्यानं विचारलं, किती खाली. मी म्हटलं, फूटभर.

"गेल्या खेपेला दोन फूट होतं, भाऊ."

मी म्हटलं, जमीन झिजते. वहिनी खाली मान घालून कोकमं फोडतच होत्या, पण त्यांचा खांदा जरा हलला. हसल्या असाव्यात.

तर कातळकोंड. कोंड म्हणजे वाडी. काशीराम तिथला. त्याच्या लहानपणी तिथं सात घरं होती. तो नऊ वर्षांचा असताना एका आषाढात पटकी आली. अकरा दिवसांत सगळं आटोपलं. जाळायला कोरडी लाकडं नव्हती, मंत्र म्हणायला कुणी वर यायला तयार नव्हतं. उरले ते चारपाच जण खालच्या गावात उतरले, त्यांत काशीराम आणि त्याची आई. पुढे ती दर देवदिवाळीला त्याला घेऊन वर जायची. प्रत्येक जोत्यावर एक पणती ठेवायची आणि त्या घराच्या कर्त्याचं नाव घेऊन हाक मारायची. ती गेल्यावर काशीराम एकटा जाऊ लागला. ज्या जोत्यावर वर्षाला एक पणती लागते ते घर मोडलेलं नसतं, असं त्यांच्याकडे धरतात. त्याला पडीक म्हणायचं नाही, मनातसुद्धा नाही. कारण त्या अकरा दिवसांत गेलेल्यांचं काही क्रियाकर्म झालेलं नव्हतं. आपण मेलो, हे त्यांना कुणी अजून सांगितलेलंच नाही. ती माणसं अजून तिथं ऐकत बसली आहेत.

काशीराम हे मला भुताच्या गोष्टीसारखं सांगत नसे. आमच्या शेजारच्या घरी पाहुणे आलेत, हे माणूस जसं सांगेल तसं तो सांगायचा.

पंच्याऐंशी सालच्या डिसेंबरात मालिनीबाई आल्या. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत होत्या. पस्तिशीच्या, सडसडीत, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांच्याजवळ उपग्रहानं काढलेली आपल्या किनाऱ्याची चित्रं होती. तो उपग्रह दर सोळा दिवसांनी सकाळी दहाच्या सुमाराला आपल्या डोक्यावरून जातो, हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं. तोवर दहाच्या सुमाराला आमच्या डोक्यावरून फक्त साहेबांची ओरड जायची.

चित्रात झाडं तांबडी आणि समुद्र काळा. बाईंनी समजावून सांगितलं की हे चित्र म्हणजे खरं तर नुसते आकडे. सगळ्या जमिनीचे ऐंशी मीटरचे चौकोन पाडलेले, आणि प्रत्येक चौकोनाचे चार आकडे. ते आकडे संगणकात घालायचे. पण संगणकाला आंबा माहीत नाही, भात माहीत नाही, माणूस तर नाहीच. त्याला शिकवावं लागतं. आंब्याच्या वीसपंचवीस खऱ्या बागा दाखवल्या, की उरलेल्या जिल्ह्यातले आंबे तो आपले आपण हुडकतो. मुलाला चार गाई दाखवल्या की पाचवी ते स्वतः ओळखतं, तसंच.

आता खऱ्या जागा दाखवणार कोण? कचेरीनं काशीरामला आणि मला तीन महिने बाईंच्या हवाली केलं.

आमची वाटणी सोपी होती. काशीरामनं जागेवर जाऊन उभं राहायचं आणि काय आहे ते सांगायचं. मी छापील तक्त्यात लिहायचं: आंबा, काजू, भात, खाऱ्या पाण्याचं खाजण, उघडा कातळ, वस्ती, पडीक. बाईंनी चित्रावर टाचणीनं भोक पाडलेलं असायचं, तिथं आम्ही जायचो. दहा वाजत आले की काशीराम थांबायचा, टोपी काढायचा आणि आभाळाकडे बघायचा. उपग्रह दिसत नाही हे त्याला बाईंनी दहादा सांगितलं होतं. त्याचं म्हणणं एवढंच, की कुणी आपल्याकडे बघतंय हे माहीत असताना टोपी घालून राहणं बरं दिसत नाही.

चित्रातलं एक भोक कातळकोंडावर पडलं होतं.

त्या दिवशी बाई तापानं रत्नागिरीच्या लॉजवर पडून होत्या. आम्ही दोघंच चढून गेलो. कोंडाच्या कडेला काशीरामनं चपला काढल्या. मी पेन उघडलं आणि विचारलं, काय लिहू?

तो म्हणाला, "वस्ती."

मी पेनाचं टोक कागदावर टेकवलं. तो म्हणाला, घरं सात. मी लिहिलं.

बाबल्या म्हणाला, भाऊ, म्हणजे खोटंच की. मी म्हटलं, बाबा रे, खोट्यातला जाणकार मी आहे, तू नव्हेस. खोटं बोलताना माणूस समोरच्याच्या डोळ्यांत बघतो. काशीराम माझ्याकडे बघतच नव्हता. तो जोत्यांकडे बघून बोलला, आणि तेही जरा मोठ्यानं. त्यांच्यासमोर त्यांना काय दुसरं म्हणणार होता तो?

दहाला दोनतीन मिनिटं कमी होती. त्यानं टोपी काढली. आणि सड्यावरचा सगळा आवाज बंद झाला. वारा थांबतो तसं नव्हे. वारा होता, गवत हलत होतं, पण हलण्याचा आवाज येत नव्हता. एक टिटवी चोच उघडून ओरडत होती, आणि मला ऐकू येत नव्हती. मग तिसऱ्या जोत्याकडून पाण्यानं भरलेला तांब्याचा हंडा दगडावर टेकवल्याचा आवाज आला. जड आणि सावकाश. मागोमाग दाराच्या कडीचा. मग टिटवी पुन्हा ऐकू यायला लागली.

बाबल्या म्हणाला, वांदर असतील. मी म्हटलं, वांदर वस्तू फेकतं, टेकवत नाही.

होळी झाल्यावर बाई परत आल्या. येताना संगणकानं छापलेला कागद घेऊन आल्या. कागद कसला, पालखीची झूल! कचेरीतली चार टेबलं जोडली तरी खाली लोंबत होता. प्रत्येक चौकोनाला एक खूण. आंब्याला शून्य, पाण्याला आडवी रेघ, पडीक जागेला टिंब आणि वस्तीला फुली. सबंध जिल्हा खुणांनी विणलेला. रत्नागिरी बरोबर, राजापूर बरोबर, आंजर्ल्याच्या कड्याखालची घरं बरोबर. बाई खूष होत्या. तरी त्यांचं बोट राहून राहून एका फुलीवर जात होतं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

जिथं कुणी राहत नाही अशा बेचाळीस जागांवर संगणकानं फुल्या मारल्या होत्या.

बाईंचं म्हणणं, संगणक चुकला. का चुकला ते शोधायला हवं, कारण पुढच्या जानेवारीत हैदराबादला मोठी परिषद होती. देशभरातले असलं काम करणारे लोक तिथं येणार, पडद्यावर आपापली चित्रं दाखवणार, एकमेकांच्या चुका काढणार. बाईंचा निबंध तिथं वाचायचा ठरला होता. शिवाय वनीकरणवालेही या नकाशाकडे डोळे लावून बसले होते. टिंबांच्या जागी, म्हणजे पडीक जमिनीवर, ते खड्डे मारायला सुरुवात करणार होते.

मग जीप घेऊन आम्ही तिघं त्या फुल्या शोधत निघालो. पहिली आंजर्ल्याच्या मागे, डोंगराच्या खांद्यावर. झुडपं बाजूला केली तर चार जोती, एक मोडकं तुळशीवृंदावन. दुसरी बुरोंडीच्या वर. तिथं चुलीचे तीन दगड, अजून जागच्या जागी. नाटे गावाजवळच्या फुलीवर बुजलेली विहीर आणि तिच्या काठावर दोर घासून पडलेल्या खाचा. प्रत्येक ठिकाणी कधीतरी माणसं राहून गेलेली. कुठे पटकी, कुठे प्लेग, कुठे नुसतंच पाणी आटलं होतं. त्या जागांची नावं आमच्या कचेरीतल्या जुन्या नकाशांवरही नव्हती. काशीराम पुढे जायचा, चपला काढायचा, आणि आत कुणी आहे का असं खाकरायचा.

एकोणिसाव्या जागेनंतर बाईंनी लिहिणं सोडलं. त्या एका जोत्यावर टेकल्या. काशीराम जवळ गेला आणि हळूच म्हणाला, बाय, थोडं पलीकडं सरता काय, तितं म्हातारी बसते. शिकलेली बाई, परदेशात राहून आलेली. ती उठली, आणि उठताना साडी आवरून, वाट देतात तशी बाजूला झाली. झाल्यावर तिलाच राग आला स्वतःचा.

परतताना जीपमध्ये त्यांनी आम्हाला कारण सांगितलं. जिथं माणसं शंभर वर्षं राहतात तिथली माती बदलते. चुलीची राख, गुरांचं शेण, उष्टंखरकटं, सगळं तिच्यात मुरतं. माणसं गेली तरी तिच्यावर उगवणारं गवत वेगळंच राहतं, आणि उपग्रहाच्या आकड्यांत ते दिसतं. कातळकोंडाला आपण वस्ती म्हणून दाखवलं, तर संगणकानं तसलीच माती जिल्हाभर हुडकून काढली. बस, एवढंच. भूतबीत काही नाही. काशीरामनं मान डोलावली. नातवानं पाढे म्हणून दाखवल्यावर आजोबा डोलावतात तशी.

मग बाई म्हणाल्या की हे दुरुस्त करावं लागेल. कातळकोंड वस्तीतून काढून पडीकमध्ये घालायचं, संगणकाला पुन्हा शिकवायचं, आणि बेचाळीस फुल्यांची बेचाळीस टिंबं होतील. त्या काही वाईट नव्हत्या. परिषदेत पहिला प्रश्न हाच येणार, आणि चुकीचा नमुना तसाच ठेवला तर सगळं काम फुकट जाणार, हे त्या खरंच सांगत होत्या.

काशीरामनं जीप थांबवायला सांगितली. उतरला. बाईंच्या बाजूला येऊन उभा राहिला. एकतीस वर्षांत त्यानं कुठल्या साहेबाकडे काही मागितल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"बाय, पडीक लिवू नका," तो म्हणाला. "लिवलंत तर तितं खड्डे मारतील. जोत्यात पहार घालतील. आपन मेलो ह्ये ज्यांना कुनी सांगितलं नाय, त्येंना काय पहारीनं सांगनार?"

जीपचा ड्रायव्हर बिडी पेटवायची विसरून तशीच तोंडात धरून बसला होता. शेवटी बाई म्हणाल्या की मला हे परिषदेत सांगता येणार नाही, मला ती भाषाच नाही. तुम्ही येऊन सांगाल का? काशीराम माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, जाईल, मी घेऊन येतो. बाईंनी वहीत दोघांची नावं लिहून घेतली.

वहिनींच्या टोपलीतली कोकमं संपत आली होती.

आता इथून पुढचं कुणीच मानत नाही. माझ्या घरचेही नाहीत.

पौष महिना. कोल्हापूरपर्यंत एसटी, पुढे आगगाडी. काशीराम खिडकीशी बसला होता. अंगात त्याचा तो एकुलता एक काळा कोट, लग्नातला. सबंध प्रवासात तो काही खाईना. मी त्याच्यापुढे चहा ठेवला, त्याच्यावर साय धरली, तो तसाच राहिला. तिकीट तपासनीस आला, त्यानं माझं तिकीट टोचलं आणि काशीरामकडे न बघता पुढे गेला. मिरजेला एक बाई चढली आणि त्याच्या जागेवर बसायलाच निघाली. मी ओरडलो, अहो, माणूस दिसत नाही का? तिनं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं आणि पुढच्या स्टेशनाला ती डबाच बदलून गेली. हैदराबादला मालिनीबाई उतरवून घ्यायला आल्या होत्या. त्या मला चारचारदा विचारत होत्या, राजाभाऊ, बरं आहे ना तुमचं? त्याला मात्र एक शब्द नाही.

बाबल्याची लिफ्ट आता दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. तोंड उघडं होतं.

परिषदेचं सभागृह थंडगार. वैशाखात माठात डोकं घातल्यावर वाटतं तसं. दोनअडीचशे माणसं, सगळ्यांच्या छातीवर नावाचे बिल्ले, आणि सरसकट सगळ्यांच्या नावापुढे डॉक्टर छापलेलं. काशीरामच्या बिल्ल्यावरसुद्धा. एकतीस वर्षं ज्याचं नाव नकाशाच्या कोपऱ्यात आलं नाही, तो डॉक्टर काशीराम. मला ते खोडायचा धीर झाला नाही.

प्रत्येकाला पंधरा मिनिटं. मग घंटी. दिवे घालवायचे, पडद्यावर चित्रं पडायची, आणि बोलणारा एका लांब काठीनं दाखवत जायचा. कुणी पंजाबातला गहू दाखवला, कुणी हिमालयातलं बर्फ. शेवटी आपला संगणक शेकडा किती बरोबर येतो ते सांगायचं. एकानं सांगितलं ब्याण्णव. टाळ्या. दुसऱ्यानं चौऱ्याण्णव. जास्त टाळ्या. मला वाटलं, आता कुणी पंच्याण्णव म्हणाला की हातोडी पडणार आणि गहू त्याला मिळणार.

मालिनीबाईंनी बारा चित्रं दाखवली. शेवटच्या चित्रावर त्या बेचाळीस फुल्या, बदललेल्या नाहीत, तशाच. त्या म्हणाल्या, माझा संगणक शेकडा एक्याऐंशी बरोबर येतो. टाळ्या नाहीत. मग पहिल्या रांगेतले अध्यक्ष, पांढरे केस, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं. या बेचाळीस जागा रिकाम्या आहेत हे तुम्हाला माहीत होतं, मग नमुना का सुधारला नाही? जागेवर जाऊन वस्ती आहे असं सांगितलं कोणी?

बाईंनी काठी खाली टेकवली. आणि मागच्या रांगेतून काशीराम उभा राहिला.

मी कुठे बसलो होतो ते विचारू नका. अंधार होता.

तो आपल्या बोलीतच बोलला. बाई इंग्रजी करत गेल्या.

"म्या सांगितलं, सायेब. म्या येकच जागा दावली. बाकीच्या येकेचाळीस म्या दावल्या नव्हत्या. त्या त्याला कुनी सांगितल्या?"

ब्याण्णववाल्यानं चौऱ्याण्णववाल्याकडे बघितलं. मग काशीरामनं हात जोडले आणि देवदिवाळीला मारतो तशा हाका मारायला सुरुवात केली. रावजी. सोनू. धाकटा बाळा. भिकाजी. एकेका घराच्या कर्त्याचं नाव, हळू, मध्ये थांबून, जणू आतून ओ येईपर्यंत. पहिल्या नावाला चित्रांचं यंत्र खटकन वाजलं आणि पडद्यावर नवं चित्र आलं. रिकामी पांढरी चौकट, खालच्या अंगाला थोडी पिवळसर. यंत्राजवळच्या माणसानं दोन्ही हात वर केले, मी काही दाबलं नाही म्हणून. दुसऱ्या नावाला पुन्हा खटका, पुन्हा तशीच चौकट. बाईंची चित्रं बारा. त्या सभागृहात आम्ही एकोणीस पाहिली.

सातवं नाव घेऊन काशीराम खाली बसला. कुणीतरी दिवे लावले. अध्यक्षांनी गळ्यातला चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि म्हणाले की माझ्या मते यांना पडीक म्हणू नये. वस्तीही म्हणू नये. यांना वेगळी खूण द्या. बाईंनी दिली. टिंब नाही, फुली नाही, एक लहानसा चौकोन. आणि नकाशाच्या तळाशी लिहिलं: जुनी वस्ती, खणू नये. तोच नकाशा वनीकरणवाल्यांकडे गेला. ऑस्ट्रेलियन बाभूळ कातळकोंडाशी येऊन वळसा घालते ती त्यामुळे. बाकीच्या एकेचाळीस ठिकाणीही घालते. जाऊन बघ.

बाबल्यानं सुस्कारा टाकला. मग हळूच मावशीकडे बघितलं.

तुळसावहिनींनी शेवटचं कोकम फोडलं, बी एका भांड्यात टाकलं, साल दुसऱ्या. हात पदराला पुसले नाहीत; रसाचा डाग जात नाही. तसेच गुडघ्यावर ठेवले. त्यांनी माझ्या गोष्टींत आजवर कधी तोंड घातलं नव्हतं.

"भाऊ, ते हैदराबादेस कवा गेले म्हनालात?"

मी म्हटलं, पौषात.

"ते कार्तिकात गेले," वहिनी म्हणाल्या. "खांदा तुमीच दिलात. पौषात तुमी त्यांचा कोट मागायला आलात, तो म्या धुवून दिला. बिल्ल्यावर नाव त्यांचं व्हतं, भाऊ. छाती तुमची व्हती."